तोंडाचा पट्टा

आई मुळातच अबोल. पोरगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा सासूबाईंनी निकालच देऊन टाकला, "आईच घुमी, मग पोर कुठून बोलणार?" तेव्हापासून तिनं तोंडाचा पट्टा सोडला. भाजी चिरताना, शिलाई मशीन चालवताना, त्याला आंघोळ घालताना अखंड बडबड. घसा बसला, पोरगा आपला गप्पच.

आज स्पीच थेरपिस्ट बाईंच्या खोलीतही तेच. "बघ, लाल ट्रक. कुठं चालला रे ट्रक?"

बाईंनी पोराला चित्रं दाखवली, ठोकळे मागून पाहिले, बराच वेळ त्याच्याशी खेळल्या. मग म्हणाल्या, "त्याला भाषा जड जातेय. वेळ लागेल, पण शिकेल. आणि हे तुमच्या अबोलपणामुळे झालेलं नाही. जरा गप्प बसलात तरी चालेल."

आई बोलायची थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

पोरानं ट्रक सोडून वर पाहिलं. खेळातला कप उचलून तो तिच्या मांडीशी आला आणि कप तिच्या ओठांना लावला.

कप रिकामा होता. बसलेल्या घशानं तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.