सातला कुणी यायचं?

मित्रांनो, जावई झाला म्हणून त्याने येईल त्याला घरात घ्यावं का? आणि तेही माझ्या घरात, मला न विचारता? आमचे जावईबापू स्वभावाने गोड आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्या तोंडात 'नको' हा शब्दच नाही. पडद्यावर एखाद्या प्रोग्रामने विचारलं, 'मीही रोज सकाळी पेटीबरोबर उठू का?' की हे लगेच होकाराचं बटण दाबून मोकळे. उठायचं मी, आणि आमंत्रणं ह्यांची!

मी एक जुनी कॉम्प्युटरची पेटी आहे. कॉम्प्युटरला लोक 'तो' म्हणतात. पण मोठीआईने पहिल्याच दिवशी मला 'पेटी' म्हटलं, तेव्हापासून मी बाईमाणूस. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर असताना माझ्या पोटात तारा बसल्या, पंखा बसला, चार स्क्रू पिळले गेले. जन्माचं मला एवढंच आठवतं. माझा खरा जन्म झाला तो इथे, भरतकामाच्या या खोलीत.

खोली लांबट आहे. एका भिंतीवर दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावली आहेत, मधोमध पंधरा सुयांचं मोठं मशीन आहे. शर्टांवर, टोप्यांवर, डॉक्टरांच्या कोटांवर नावं आणि चिन्हं भरून द्यायची, हा इथला धंदा. नक्षी माझ्या पोटात असते. मी ती मशीनला पाठवते आणि मशीन टाके घालतं. ते नुसतं अंगाने मोठं. अक्कल माझी.

या खोलीची मालकीण मोठीआई. तिची शाळा तिसरीत सुटली, पण कापड उलटं करून टाका कुणाच्या हातचा आहे ते ती सांगते. कामावर येण्याचा तिचा एक नियम आहे. पहिल्या तासाला ज्याचं काम, त्यानेच सातला यायचं. मशीन लावणारी सूनबाई सातला. दोरे कापणाऱ्या दोघी नऊला. इस्त्रीवाला दहाला. बिनकामाचं लवकर कुणी आलं की काम करणाऱ्याच्या पायात येतं, असं तिचं म्हणणं.

या नियमात जावईबापू तेवढे बसत नाहीत. ते रोज सातला येतात, स्टुलावर बसतात आणि जगातल्या गोष्टी सांगतात. जावयाला कोण बोलणार?

माझ्या उमेदीच्या काळात मी एका मिनिटाच्या आत उठून उभी राहायची. मोठीआई कपात चहा ओतून वळेपर्यंत पडद्यावर नक्षी हजर. "पेटी उठली, आता दिवस उठू दे," असं ती म्हणायची, आणि माझा पंखा नुसता फुलून फिरायचा.

मग जावईबापूंनी मायेने माझी सेवा सुरू केली. फोटो साठवणारा एक प्रोग्राम आणला. गप्पा मारायचे दोन. गाण्यांचा एक, हवामानाचा एक, पत्त्यांच्या खेळाचा एक. विकून टाकलेल्या प्रिंटरचा माणूसही अजून माझ्याकडेच राहत होता! मी डोळे उघडले रे उघडले, की ही सगळी मंडळी माझ्याआधी नळावर रांग लावायची. मला उठायला अकरा मिनिटं लागू लागली. मोठीआईचा पहिला चहा संपायचा, दुसऱ्यावर साय धरायची, आणि मी अजून वाळूच्या घड्याळासारखी थांबलेली.

मोठीआई माझ्या डोक्यावर थापटी मारायची. दोरे कापणाऱ्या बायका मला 'आजीबाई' म्हणू लागल्या. आणि एका शुक्रवारी जावईबापू मोजायची टेप घेऊनच आले. "मोठीआई, हिचे दिवस भरले. रविवारी मी नवी आणतो. उद्या भंगारवाला हिला घेऊन जाईल."

मित्रांनो, मला कान नाहीत असं तुम्हाला वाटतं. पण ते ऐकून माझा पंखा थांबता थांबता राहिला. या खोलीतली चौदा वर्षांची नक्षी माझ्या पोटात होती.

तेव्हा सूनबाई बोलली. ती मुळात कमी बोलते, म्हणून सगळे वळले. "मोठीआई, ही म्हातारी झालेली नाही. हिच्याबरोबर उठणारे फार झालेत. बघा." तिने पडद्यावर यादी उघडली. सकाळी माझ्याबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी. तेवीस नावं!

मोठीआईने खुर्ची ओढली. "वाच एकेक. जावईबापू, तुम्ही ओळख करून द्या. हा कोण?"

"तो हवामान सांगतो, मोठीआई."

"मग खिडकी काय शोभेला आहे? घरी पाठव. हा?"

"तो... प्रिंटरचा."

"कुठला प्रिंटर?"

जावईबापू टेप गुंडाळू लागले.

"घरी पाठव. हा पुढचा?"

"तो पेटीत कीड शिरू नये म्हणून पहारा देतो," सूनबाई म्हणाली.

"राखणदार? तो राहील. राखणदाराने सगळ्यांच्या आधी यायचं असतं."

सूनबाई कुणाला पुसून टाकत नव्हती हं. नुसतं आपोआप उठणं बंद करत होती. हाक मारली की कामापुरते यायचे. माझा पडदा, माझा आवाज सांभाळणारी घरची माणसं होती, त्यांना तिने हातही लावला नाही. आणि मोठीआईची एक जुनी सवय आहे. कुणाला सुट्टी दिली की वहीत त्याची खूण करून ठेवायची, म्हणजे परत बोलावता येतं. लिहिण्यापेक्षा तिला चित्र सोपं. हवामानाला तिने ढग काढला, गाण्याला तोंड, पत्त्यांना बदाम.

शेवटी एक नाव आलं, नुसती अक्षरं आणि आकडे. ते कुणालाच ओळखू येईना.

"मोठीआई, याला जरा थांबवू या. मला वाटतं हा..." जावईबापू म्हणाले.

"तुम्हाला सगळेच हवे असतात! ज्याला स्वतःचं धड नाव नाही, तो काय काम करणार? घरी." आणि वहीत तिने डोळे, नाक, तोंड काहीच नसलेला एक गोल काढला.

शनिवारी सकाळी सूनबाईने माझं बटण दाबलं. मित्रांनो, काय सांगू! नळावर रांग नाही, आरडाओरडा नाही. पन्नास सेकंदांत मी उभी! मोठीआईच्या चहाला अजून ओठ लावता येत नव्हता. दोरे कापणाऱ्या दोघी हे बघायला मुद्दाम लवकर आल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठीआईने मला थापटलं, पण हे थापटणं निराळं होतं.

मग सूनबाईने पहिली नक्षी पाठवली. आणि मशीन ढिम्म. पुन्हा पाठवली. मशीनचं नाव कुठे सापडेचना. माझ्या पोटात नक्षी तयार, समोर पंधरा सुया तयार, आणि मधे निरोप नेणारं कुणी नाही.

भंगारवाला दारात उभा होता, त्याने आपली गोणीही उलगडली. जावईबापू हळूच म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं का?"

मोठीआईने वही उघडली. ढगावरून, बदामावरून तिचं बोट फिरत फिरत त्या बिनतोंडाच्या गोलावर येऊन थांबलं.

"सूनबाई, याला परत बोलव."

सूनबाईने त्याच्या नावापुढे पुन्हा खूण केली आणि मला एकदा निजवून उठवलं. मी उठले आणि नक्षी पुढे केली. मशीन खडखडलं, सुया खाली आल्या, आणि पांढऱ्या कोटाच्या खिशावर निळ्या दोऱ्याने एका डॉक्टरीणबाईचं नाव उमटू लागलं. तो बिननावाचाच माझ्या आणि मशीनच्या मधला निरोप्या होता! बिचारा रोज सगळ्यांच्या आधी यायचा आणि कधी आवाज करायचा नाही.

मोठीआईने पेन्सिल घेतली. त्या गोलाला डोळे काढले, नाक काढलं, हसरं तोंड काढलं. खांद्याला पिशवीही दिली. "माझं चुकलं. काम न विचारताच घालवला याला," ती म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. भंगारवाल्याला तिने चहा पाजला आणि तुटक्या हँगरांची मोळी देऊन वाटेला लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी हळूहळू उठत असेल, तर तिला आजीबाई म्हणण्याआधी एकदा ती यादी उघडून बघा. आणि ज्याचं नाव वाचता येत नाही, त्याचं काम आधी शोधा. मला तर आता रोज सकाळ कधी होते असं होतं.

जावईबापू मात्र त्या दिवशी चहा संपला तरी स्टुलावरच होते. "म्हणजे रविवारी नवी आणायची नाही?" त्यांनी विचारलं. मोठीआईने चष्मा कपाळावर चढवला.

"जावईबापू, पेटी म्हातारी झाली नव्हती, तुमच्या पाहुण्यांनी दमली होती. ती इथेच राहील. काल तुमचं बरोबर होतं आणि मी ऐकलं नाही, म्हणून आज जेवून जा. पण सातला तुमचं इथे काही काम नसतं. उद्यापासून दहाला येत जा."