चौकटीतलं शिंग

तेरेक-बुलाक गावात त्या सकाळी वादातली मतपत्रिका दिसताच गाई-मेंढ्यांनासुद्धा कळलं की ती कोणाची आहे. आणि तरीही शाळेच्या सभागृहात झाडून सगळं गाव चेहरे कोरे ठेवून बसलं होतं.

पंचायतीची एकच जागा रिकामी झाली होती आणि उमेदवार दोन. एक जिपार, गावातल्या बंद पडलेल्या बालवाडीची बाई, आणि दुसरे तिच्याच नवऱ्याचे सख्खे काका तुगोलबाय. सासरच्या थोरांचं नाव सुनेने तोंडावाटे काढायचं नसतं, त्यामुळे जिपारचा सगळा प्रचार फार मजेचा झाला. महिनाभर घरोघर हिंडून ती सांगत राहिली, की बालवाडीचा बॉयलर दोन वर्षं फुटलेला आहे, पोरं घरात कोंडली गेलीत, आणि 'पुलाजवळचे' त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. लोक मुद्दाम विचारायचे, कोण गं पुलाजवळचे? पुलाजवळ तर चार घरं आहेत. मग ती म्हणायची, पांढऱ्या उंच टोपीचे. टोप्या सगळ्यांच्याच पांढऱ्या आणि उंच. म्हातारे पोट धरून हसायचे आणि तिला चहाला बसवून घ्यायचे. मतं त्यातूनच वाढली असावीत.

आदल्या दिवशी मतदान झालं. मतपेटीच्या यंत्राने दोघांना एकशे सत्त्याऐंशी-एकशे सत्त्याऐंशी मतं दिली आणि एक मतपत्रिका 'वाचता येत नाही' म्हणून बाजूला टाकली. बरोबरी झाली तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो निवडून येतो, असा नियम. अर्जाच्या दिवशी जिपार कचेरीच्या दारात पहिली पोचली होती. तेवढ्यात मागून काकासासरे आले, म्हणून तिने अदबीने दार धरलं आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. ते आत गेले, त्यांनी अर्ज दिला, तिने नऊ मिनिटांनी दिला. सुनेच्या चांगल्या वळणाने तिचा घात केला होता. आता ती उरलेली एक मतपत्रिका मोजली गेली तर जागा तिची, बाद झाली तर त्यांची.

सकाळी दहाला केंद्राचे अध्यक्ष एसेनबेक मास्तर, शाळेत गणित शिकवणारे, यांनी पाकीट फोडलं आणि मतपत्रिका सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. जिपारच्या नावापुढच्या चौकटीत टिकमार्क नव्हता. तिथे मेंढ्याचं वळलेलं शिंग काढलेलं होतं, निळ्या पेनाने, एका दमात, आणि टोकाला एक जादा वेटोळं.

जिपारने ते लांबूनच ओळखलं.

ते वेटोळं गावात दुसरं कोणी काढत नाही. ते तिच्या सासूचं, सेयिलकान आपांचं. गावातल्या प्रत्येक घरात त्यांनी केलेला शिर्दाक, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा गालिचा, अंथरलेला आहे आणि प्रत्येकावर तेच शिंग, तेच जादा वेटोळं. सभागृहात मास्तरांच्या टेबलाखाली होता तोही त्यांचाच, शाळेला दिलेला. म्हणजे आक्षेप ऐकणारे, घेणारे आणि लिहून घेणारे सगळे त्या शिंगावर पाय ठेवून बसले होते.

पण आपांचं मत जिपारला? सतरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली लोकर धूत, रंगवत, शिवत होती आणि सतरा वर्षांत चांगलं म्हणून एक शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता. चहात दूध कमी, टाका सैल, चाल फार घाईची. नमद्यावर खडूने शिंग आखायचं काम तर आपांनी तिला कधी करूच दिलं नाही. 'तू शीव,' एवढंच. निवडणुकीला उभी राहते म्हटल्यावर त्यांनी फक्त नाक मुरडलं होतं.

शिवाय त्यांना यादीत घालून आणलं होतं ते खुद्द तुगोलबायांनी. बोटांचे ठसे दिल्याशिवाय नाव यादीत येत नाही, आणि आपांचा हट्ट होता की ठसे चोरांचे घेतात. यंदा मात्र दिराने त्यांना आपल्या गाडीतून तालुक्याला नेलं. साबणाच्या कढत पाण्यात जन्मभर लोकर मळून त्यांच्या बोटांवरच्या रेघा इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की यंत्र काही केल्या ठसा घेईना. तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेप चाळीस किलोमीटरची. तिसऱ्या खेपेला एका करंगळीने इभ्रत राखली. तेव्हापासून तुगोलबाय बाजारात, मशिदीसमोर, लग्नाच्या पंगतीत सांगत सुटले होते की आमच्या घराण्याची अकराच्या अकरा मतं माझ्या खिशात आहेत, अकरावं तर मी स्वतः गाडीतून आणलंय.

ही सगळी हकिगत जिपारच्या डोक्यात एका क्षणात फिरली आणि तिला एकदम इतकं हसू आलं की तिने रुमालाचं टोक तोंडात धरलं.

तुगोलबायांच्या बाजूने आक्षेप घ्यायला त्यांची सून आयझादा उभी राहिली. पोरगी तालुक्याला कायदा शिकलेली, चटपटीत. तिने आधी म्हटलं, की टिकमार्क नाही, म्हणून बाद. मास्तरांनी चष्मा लावून नियम वाचला. चौकटीत टिकमार्क, फुली किंवा दुसरी कोणतीही खूण चालते. शिंग ही खूण आहे. आक्षेप फेटाळला.

आयझादाला तेच हवं होतं. ती म्हणाली, "मग दुसरा नियम वाचा, मास्तर. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असेल तर मतपत्रिका बाद."

मास्तरांनी तोही नियम वाचला आणि शांतपणे मान वर केली.

"बरोबर आहे. कोणाची ओळख पटते, ते नाव सांगा. मी लिहून घेतो."

आयझादाने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. सेयिलकान आपा म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको, घराण्यातली सगळ्यांत मोठी बाई. समोर सासू बसलेली, सासरे बसलेले, मागे सगळं गाव.

"आमच्या त्या..." ती म्हणाली.

"मतदार यादीत 'आमच्या त्या' नावाचं कोणी नाही."

"वरच्या आळीतल्या. दारात जर्दाळूचं झाड आहे त्या."

मास्तरांनी हिशेब केला. वरच्या आळीत जर्दाळूची झाडं सात दारांत आहेत. मागून कोणीतरी सांगितलं की आठ, आमचं यंदा लावलंय. हशा पिकला. आयझादाने मग उंची सांगितली, चालण्याची ढब सांगितली, चांदीच्या बांगड्या सांगितल्या. मास्तर प्रत्येक वेळी नावच मागत राहिले. तिने पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं, सासूकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. तिचे कान लालबुंद झाले होते. जिपारला तिची दया आली, कारण महिनाभर हाच फास तिच्याही गळ्यात होता.

नेमक्या त्याच वेळी दार उघडलं आणि खुद्द सेयिलकान आपा आत आल्या. काठी आपटत, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधून. कुणीतरी चोंबड्याने घरी जाऊन सांगितलं होतं की तुमचं मत फेकून देताहेत.

"काय चाललंय इथे," त्या म्हणाल्या, "माझं—"

साऱ्या सभागृहाला एकाच वेळी खोकला झाला. पुढचा शब्द निघाला असता तर मत गेलं असतं, बालवाडी गेली असती, सगळंच गेलं असतं. जिपारने मागचापुढचा विचार केला नाही. चहाच्या टेबलावरची पोळीएवढी नान उचलली, दोन्ही हातांत धरून सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"आपा, आधी नान मोडा."

पुढे आलेल्या नानला नाही म्हणायची गावात कोणाची छाती नाही. आपांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावून होतंय तोच त्यांनी पुन्हा "माझं" म्हणून सुरुवात केली, आणि मास्तरांची बायको दुसरी नान घेऊन धावली. मग तिसरी आली. मग कुणीतरी साय आणली. चौथ्या नानपर्यंत आपांना उमगलं की काहीतरी वेगळंच शिजतंय. त्या खुर्चीवर टेकल्या आणि चावत चावत मतपत्रिकेकडे बघत राहिल्या.

आता तुगोलबाय उठले. त्यांना नावाची आडकाठी फारशी नव्हती, ते पुरुष माणूस, आणि उमेदवार या नात्याने आक्षेप त्यांना स्वतःला घेता येत होता. एक नाव उच्चारलं की जागा त्यांची.

मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला ही खूण ओळखता येते का?"

तुगोलबायांनी मतपत्रिका पाहिली, मग पायांखाली पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं. आपांनी घास गिळला.

"सांग की, छोटू," त्या म्हणाल्या.

अडुसष्ट वर्षांचा तो माणूस, उंच टोपीचा, गावभर दरारा असलेला. त्याला छोटू म्हणणारी जगात एवढी एकच बाई उरली होती. तिने त्याला लहानपणी पाठुंगळी घेऊन नदी ओलांडून दिली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि नाव उच्चारलं तर त्याबरोबर हेही उच्चारावं लागणार होतं, की अकरावं मत खिशात नव्हतंच, आणि गाडीला तीन खेपांचं पेट्रोल आपणच घातलं.

तुगोलबायांनी घसा खाकरला. "नाही बुवा. असलं शिंग मी जन्मात पाहिलेलं नाही. कुठल्याही बाईचं असेल."

"बाईचं आहे हे कसं कळलं?"

"बाप्याचंही असेल," ते घाईने म्हणाले आणि शिंगावरचा पाय उचलून बाजूला ठेवला.

सभागृह इतकं हसलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. मास्तरांनी टेबल वाजवून शांतता केली. नियमाप्रमाणे त्यांना दुसऱ्या उमेदवारालाही विचारायचं होतं.

"जिपार, तुला ओळखता येते ही खूण?"

तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. की येते, अंधारात बोटांनी चाचपूनसुद्धा येते, ही माझ्या सासूची आहे आणि तिने ती माझ्या नावापुढे काढली आहे. तिने मान हलवली.

"नाही, मास्तर. ओळखता येत नाही."

एकशे अठ्ठ्याऐंशी विरुद्ध एकशे सत्त्याऐंशी. मास्तरांनी कागदावर शिक्का मारला. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती आयझादाने, आणि सासूने डोळे मोठे केल्यावर हात पाठीमागे लपवले.

दुपारी जिपार घरी परतली तेव्हा आपा ओसरीवर नमदा पसरून बसल्या होत्या. तिने चहा केला, वाटी त्यांच्यापुढे ठेवली. आभार मानायचे होते, पण तासाभरापूर्वी गावासमोर ओळख नाही म्हणून सांगून आल्यावर मानायचे कसे? शेजारीण कुंपणावरून कान लावून उभीच होती.

आपांनी घोट घेतला. "दूध कमी आहे."

"हो, आपा."

"किती मतांनी आलीस?"

"एका."

"कोणाचं होतं म्हणे ते?"

"कळलं नाही, आपा. कोणालाच कळलं नाही."

आपांनी नमद्याचा एक पांढराशुभ्र, कोरा चौकोन तिच्यापुढे सरकवला आणि त्यावर खडू ठेवला. सतरा वर्षांत तो खडू तिच्या हाती आला नव्हता. तिने तो उचलला आणि शिंगाची रेघ सुरू केली. टोकाशी आल्यावर शिवणाच्या सवयीने तिचं बोट त्या जादा वेटोळ्याकडे वळलं, तशी आपांनी काठीने तिचं मनगट अडवलं.

"ते नको," त्या म्हणाल्या. "तुझं स्वतःचं काढ. माझं ओळखू येतं, बाद करतात."