दोन जावा, एक भट्टी

“मावशी, वरचे नळ उघडलेत का सगळे?” रेनालनं तळघरातून ओरडून विचारलं.

“उघडलेत रे बाबा.”

ओदील स्वयंपाकघरात कोट घालून उभी होती. नळाची धार बारीक झाली, मग नळ दोन-तीनदा खाकरला आणि गप्प झाला. नवऱ्यासोबत हे घर बांधलं तेव्हापासून ते असं कोरडं कधी पडलं नव्हतं.

रेनाल हात पुसत वर आला. गावातल्या सगळ्यांचे नळ तोच बघायचा. संडासाच्या भांड्यात त्यानं न गोठणारं गुलाबी औषध ओतलं, हत्यारं पेटीत भरली आणि मग दाराशी घुटमळला.

“एक सांगू? पाणी काढलंय, नळ आता गोठून फुटणार नाहीत. पण तळघरात थोडी तरी ऊब राहू द्या. इथली जमीन वाईट. गोठली की फुगते आणि भिंतीला ढुशा देते. रिकामी घरं अशीच जातात.”

“ऊब ठेवायला जमलं असतं तर मी घर सोडलं असतं का, रेनाल?”

त्यानं तिची बॅग उचलली आणि तिच्या मागोमाग रस्ता ओलांडला. जायचं लांब नव्हतंच. समोरचं घर तिच्या धाकट्या जावेचं, रोलांदचं.

ओदीलनं आधी सगळे उपाय करून पाहिले होते. वरचा मजला बंद केला, जिन्याच्या तोंडाशी गोधडी टांगली, खिडक्यांना प्लास्टिक लावलं. गेलेल्या नवऱ्याचे, अल्फेचे, शिकारीचे लोकरी मोजे घालून ती झोपायची. घर तापवायच्या तेलाचा भाव चढत गेला तशी ती तळघरातल्या भट्टीचा काटा खाली सरकवत गेली. तेलवाल्याची गाडी थोडंथोडकं तेल ओतायला येत नाही. भट्टीला डिझेलही चालतं, म्हणून मग ती पेट्रोलपंपावरून त्याचा डबा भरून आणायची, बर्फावरच्या घसरगाडीवर ठेवून, दोरीनं ओढत. नदीपलीकडे कॅनडा आणि अलीकडे आम्ही, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार टोकाला. इथे ऑक्टोबरात लावलेली भट्टी मे महिन्यापर्यंत विझत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर मोठमोठी पातेली उचललेले तिचे खांदे त्या दोरीनं भरून आले.

एके दिवशी पोस्टात रोलांदनं तिला गाठलं.

“दोन म्हाताऱ्या आणि दोन भट्ट्या. वेडेपणा आहे हा. माझ्याकडे ये. तेलाचे निम्मे तू दे, निम्मे मी देते.”

ओदील तिच्याकडे बघतच राहिली. दोघी जावांनी वर्षानुवर्षं एकमेकींचा उंबरठा ओलांडला नव्हता. सासऱ्यानं वाटणी केली तेव्हा नदीकाठची सपाट जमीन धाकट्याला, नोर्मांला दिली आणि उतारावरची दगडगोट्यांची थोरल्या अल्फेला. भाऊ निदान एकत्र मासे तरी पकडायचे. बायकांनी मात्र ते भांडण जपून ठेवलं, लोणच्यासारखं. आता दोघींचेही नवरे गावच्या कब्रस्तानात शेजारी शेजारी झोपले होते. ओदीलला मूलबाळ नव्हतं. रोलांदचा मुलगा झील दक्षिणेत कुठेतरी मोठ्या कारखान्यात होता आणि नाताळला येतो म्हणून सांगायचा.

आणखी एक डबा डिझेल जळेपर्यंत ओदीलनं विचार केला, आणि मग हो म्हणाली.

रोलांदनं तिला मागची खोली दिली. उत्तरेची. पूर्वी तिथे शिवणयंत्र असायचं. आता एक पलंग होता, भिंतीला चिकटलेला, आणि त्याच्याखाली गालिचा. पहिल्याच आठवड्यात ओदीलच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात माणूस स्वेटर काढून बसतं, आणि इथे तोंडातून वाफ निघते. पण ती बोलली नाही. मिंधेपणाची सवय नसलेलं माणूस आधी गप्पच राहतं.

रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की तिथल्याच खालच्या हॉलमध्ये बायका कॉफी प्यायला जमत. तिथे रोलांदचा आवाज चढायचा.

“मीच म्हटलं, ये बाई माझ्याकडे. गारठून मरू कसं द्यायचं? काही झालं तरी माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको.”

“नशीबवान आहेस हं, ओदील,” कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं. “अशी जाऊ मिळायला पुण्य लागतं.”

ओदील कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. निम्मे पैसे मी देते, हे चारचौघांत सांगायचं तिच्या तोंडावर यायचं. पण तसं सांगणंही भीक मागितल्यासारखंच वाटायचं. शिवाय कप गरम असायचा.

जानेवारीत तिनं आपल्या घरून छोटा विजेचा हीटर आणला आणि पलंगाशी लावला. महिन्याचं विजेचं बिल आलं त्या सकाळी रोलांद न विचारता खोलीत शिरली.

“हेच ते! तरी मी म्हणते, मीटर असा का पळतोय!”

“बोटं वळत नाहीत गं इथे, रोलांद.”

“मग दोन गोधड्या घे. वीज काय अल्फे पाठवतो वरून?”

“तेलाचे निम्मे मी देते ना?”

“तेलाचे देतेस. विजेचं काही ठरलं नव्हतं. आणि घर कुणाचं आहे?”

रोलांदनं हीटरची वायर काढली, हीटर काखोटीला मारला आणि कोठीच्या कपाटात नेऊन ठेवला. दुपारी तिनंच कुट्टूची धिरडी केली, सोबत घेवड्याची उसळ, आणि ओदीलच्या ताटात एक धिरडं जास्त वाढलं. ओदीलनं ते खाल्लं. न खाऊन सांगणार कुणाला?

फेब्रुवारीत बाहेरच्या भिंतीला आतून बर्फाची साय धरली आणि उशीला ओल आली. एका सकाळी ओदीलनं पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधे घ्यायचं ठरवलं. पाठीनं रेटा देत देत तिनं तो सरकवला. गालिचा गोळा झाला, आणि खाली, बरोबर पलंगाच्या जागी, जमिनीत बसवलेली लोखंडी जाळी दिसली. अशी जाळी घरातल्या प्रत्येक खोलीत होती. तळघरातल्या भट्टीची गरम हवा तिच्यातूनच वर यायची.

जाळीत कापड कोंबलेलं होतं. तिनं जाळी उचलली. चौकटीचौकटीचे जाड शर्ट, नोर्मांचे. एकावर एक, घट्ट दाबून बसवलेले. तिनं पहिला ओढला, दुसरा ओढला, आणि तिसरा निघाला तशी गरम हवा तिच्या तोंडावर आली.

ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली, दोन्ही हात पुढे करून. राग यायच्या आधी तिला बरं वाटलं, आणि त्याचीच तिला नंतर जास्त लाज वाटली.

रोलांद स्वयंपाकघरात चहा पीत होती. ओदीलनं एक शर्ट तिच्या कपाशेजारी ठेवला.

रोलांदनं शर्टाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. “ती खोली उत्तरेची,” ती म्हणाली. “तिकडे ऊब सोडली की इथे राहत नाही. माझं कंबरेचं हाड तुला माहीत आहे.”

“निम्मे पैसे माझे आहेत, रोलांद.”

“तू पहिल्यापासून काटक. थंडी तुला बाधत नाही, अल्फेच सांगायचा सगळ्यांना.”

“अल्फे तसं सांगायचा, कारण मी त्याला तसं सांगायचे.”

कोट चढवून, गळ्यात चावी अडकवून ओदील बाहेर पडली. बर्फ ढकलणारी गाडी नुकतीच जाऊन आली होती आणि समोर ओदीलच्या घराच्या दाराशी गुडघाभर ढीग करून गेली होती. ढीग तुडवत ती आत शिरली. बाहेर ऊन तरी होतं. आत त्याहून जास्त गारठा होता. भिंतीवरचं कॅलेंडर नोव्हेंबरातच थांबलं होतं.

पण तिचं डोकं भराभर चालू लागलं होतं. इथेच राहायचं. स्वयंपाकघरात पलंग टाकायचा, बाकी सगळं बंद. रेनालला बोलवायचं, पाणी सुरू करायचं, डिझेलचे डबे आणायचे. मरायचं तर आपल्या घरात मरू. टाकीच्या तळाशी तेल किती उरलंय ते बघायला ती टॉर्च घेऊन तळघरात उतरली, आणि चौथ्या-पाचव्या पायरीवरच थांबली.

डोंगराकडची भिंत आत आली होती. गर्भार बाईच्या पोटासारखी. मधले सिमेंटचे ठोकळे दुभंगले होते, वरची तुळई एका टोकाला खचली होती आणि फटीतून बाहेरचा उजेड येत होता. त्याच वाटेनं बर्फही आत भुरभुरला होता, जमिनीवर, पिठासारखा. एकेक ठोकळा अल्फेनं स्वतः रचला होता. ती त्याला चुना-सिमेंट कालवून द्यायची.

रिकाम्या घराचं नुकसान विमा कंपनी भरून देत नाही, हे तिला ठाऊक होतं. एक हिवाळा पैसे वाचवायचे म्हणून घर सोडलं होतं. ते कायमचंच गेलं. ती पायरीवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण इतक्या थंडीत डोळेही कोरडेच राहिले.

“ओदील! ओदील, कुठे आहेस?”

वर कुणाचे तरी पाय वाजले. ओदील घाईघाईनं चढली, तळघराचं दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

रोलांद काठी टेकत आत आली होती. धापा टाकत होती, कोटाला गुडघ्यापर्यंत बर्फ लागलेला.

“मरायचंय का तुला इथे?”

“घर बघायला आले होते.”

“मग? काही फुटलंबिटलं का?”

“काही नाही. ठणठणीत आहे घर.”

रोलांदनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती. “काढल्या मी जाळीतल्या सगळ्या चिंध्या,” ती म्हणाली. “झील फोन उचलत नाही. नाताळापासून. तेलाच्या टाकीचा काटा खाली खाली जातो आणि मी त्याच्याकडे बघत बसते. मला भीती वाटते गं.”

“मलाही वाटायची. म्हणून मी कुणाच्या जाळीत चिंध्या नाही कोंबल्या.”

रोलांदनं मान खाली घातली. असं कधी घडलं नव्हतं. ओदीलला वाटलं होतं की या क्षणी तिला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

“चल आता,” रोलांद म्हणाली.

“येते. पण बर्फ वितळेपर्यंतच. मग मी माझ्या घरी.”

“बरं बाई. बर्फ वितळेपर्यंत.”

रस्ता निसरडा होता. रोलांदनं तिचा दंड धरला आणि ओदीलनं धरू दिला. प्रेमानं नव्हे. एक पडली असती तर दोघींचंही संपलं असतं.

त्यानंतर मागच्या खोलीत तोंडातून वाफ निघेनाशी झाली, आणि स्वयंपाकघरात दोघीही स्वेटर घालून बसू लागल्या. चर्चमध्ये रोलांद आता उपकाराचं बोलत नव्हती. एकदा कुणी विषय काढला तर म्हणाली, “आम्ही दोघी मिळून घर चालवतो.” ओदीलनं ते ऐकलं. ऐकून तिचं मन मऊ झालं, असं मात्र मी म्हणणार नाही.

बर्फ वितळला. नदीवरचे बर्फाचे तुकडे कडाकडा वाहून गेले. रोलांदनं काही विचारलं नाही. ओदील म्हणाली, जमीन अजून ओली आहे. मग म्हणाली, डास फार आहेत. रोज सकाळी ती पलीकडे जायची, खिडक्या उघडायची, पायऱ्या झाडायची, आणि जेवायच्या वेळी परत यायची. तळघराचं दार तिनं कुणालाच उघडू दिलं नाही.

जूनमध्ये तिनं पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि घर रंगवायला घेतलं. फक्त रस्त्याकडची बाजू. शिडीवर चढायचं वय नव्हतं, म्हणून हात पोचेल तिथपर्यंतच रंग लागला. त्याच्या वरचं जुनं राखाडी लाकूड तसंच राहिलं. येणारे-जाणारे गाडी हळू करून म्हणायचे, “काय मावशी, परत येणार वाटतं घरी?” ती ब्रश हलवून हो म्हणायची.

एका दुपारी रोलांद काठी टेकत रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिनं पांढऱ्या रंगाकडे पाहिलं. मग तिची नजर वर गेली, छपराच्या कण्याकडे. मधोमध तो खचला होता, म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखा. मग तिनं नजर खाली आणली, ओदीलकडे.

“रंग चांगला बसलाय,” ती म्हणाली.

“चांगला महागातला आहे,” ओदील म्हणाली आणि तिनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.