कोसमटोल्याच्या हापशीतलं रक्त

हापशीच्या तोटीतून लालभडक पाणी सुटलं आणि अख्खा कोसमटोला दोन पावलं मागे सरला.

"रगत हाय, रगत!" झिंगूबुवा गरजला. "धरतीमायचं काळीज फाटलं! हाण दांडा!"

चेला दांडा हाणू लागला, दर दांड्याला बुवा एक मंत्र पुटपुटू लागला. एकशे आठवा मंत्र संपला तेव्हा पाणी नितळ झालं होतं. बायांनी हात जोडले. बारा दिवस रोज सकाळी हेच चाललं होतं.

गर्दीमागे तालुक्याचा हापशी-मेकॅनिक बशीर सायकल धरून उभा होता. त्याने पाईप बदलला त्या दिवशी लोक पूजेसाठी नारळ आणायला गेले होते. पाईप उतरवताना दोर धरला तो एकट्या बायनाबाईने, म्हणून बशीरच तिला म्हणाला होता, "बाई, दोर धरून हात सोलले तुमचे. पहिला गुंड तुमीच भरा."

बुवाने नेमकं तेच धरलं होतं. पूजेआधी बाईने घागर भरली, पाणी बाटलं, म्हणून धरती कोपली! बायनाबाईला हापशी बंद झाली. ती नाल्याचं पाणी आणू लागली, आणि आता तिची नात हगवणीने निपचित पडली होती.

"उद्यापर्यंत हे बाई गावाबाहेर पायजे," बुवा म्हणाला. "नाई तं रगत घरात शिरन!"

"आजारी पोरीले घेऊन जाऊ कुठी?" बायनाबाईने विचारलं. लोक भांडी उचलून पांगले. बशीरनेही सायकल वळवली.

त्याला सगळं ठाऊक होतं. तो पाईप दुसऱ्या गावच्या लाल पाण्याच्या हापशीतून काढलेला. टाकण्याआधी ब्लिचिंग पावडरने धुवायचा, बोअरमध्येही पावडर सोडायची. पण गावोगाव लोक कुरकुरत, "चायले दवाईचा वास येते." म्हणून त्याने पावडर पिशवीतच ठेवली होती. खरं सांगितलं तर नोकरीवर गदा, या भीतीने बारा दिवस तो गप्प राहिला होता.

दुसऱ्या सकाळी बुवा तोंड उघडणार, तोच बशीरने दांडा धरला.

"आज मंत्र नाई. मी नुसताच हाणतो."

"अबे, भस्म होशीन!"

"होऊ द्या."

लाल पाणी आलं. मग पिवळसर. सत्तराव्या दांड्याला नितळ.

"बुवा, तुमचे अडतीस मंत्र उरले की!" कोणीतरी ओरडलं. हशा उसळला.

बशीरने पान्याने हापशी खोलून पाईप वर ओढला. आत बोटभर तांबडा, बुळबुळीत थर होता.

"डोळ्याले न दिसणारे जीव हायेत हे. पाण्यातल्या लोखंडावर जगतात, गंजाचा चिकट थर करतात. रातभर पाणी थांबलं का थर सुटते, सकाळी लाल दिसते. थराखाली हवा पोचत नाई, तिथी दुसरे जीव पाईपाले भोकं पाडतात. समुद्रात जहाजाच्या पत्र्यालेही असाच थर धरते, पत्रा खाते. तिथी कोणत्या बाईनं गुंड भरला?"

बुवा झोळी उचलून चालू लागला होता.

"अन् हा थर मी आणला," बशीर म्हणाला. "पाईप न धुता टाकला. बाईचा दोष नाई."

बायनाबाई पुढे आली. "तुले ठाऊक होतं, बशीरभाऊ. मंग बारा दिवस काऊन गप होता?"

पोरीला दवाखान्यात न्यायला बशीरने सायकल पुढे केली.

मुलांनो, पाणी लाल दिसलं तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी पाईप उघडून पाहा. आणि आत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पहिल्याच दिवशी बोलावं. बुवाचं फावलं ते त्याच्या मंत्रामुळे नाही. बशीर गप्प होता म्हणून फावलं.