मास्तरांचा उजवा कान

“ओरडा की हो मास्तर! दुखतंय ना, मग ओरडा. गप्प बसल्याबद्दल इथे कुणी बक्षीस देत नाही,” सिस्टर म्हणाल्या.

मास्तर ओरडले नाहीत. खुर्चीचे हात त्यांनी इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि सिस्टरनी तर अजून कानात काही घातलंही नव्हतं. नुसती पाळी धरून जराशी मागे ओढली होती.

कान-नाक-घशाच्या त्या खोलीत सिस्टरना एकतीस वर्षं झाली होती. सगळं हॉस्पिटल त्यांना ‘कानवाल्या सिस्टर’ म्हणायचं. मणी, शर्टाची बटणं, पेन्सिलीची टोकं, एकदा तर जिवंत झुरळ, असं काय काय त्यांनी लोकांच्या कानांतून काढलं होतं. त्यांना त्याचा गर्व नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. होता, आणि चांगला पोटभर होता. नवे डॉक्टर दर सहा महिन्यांनी यायचे आणि पहिल्याच आठवड्यात सिस्टरकडून कान साफ करायला शिकायचे. पुढे ते मोठे होऊन निघून जायचे, आणि सिस्टर तिथेच.

आजच्या डॉक्टर मॅडम अशाच नव्या, सव्वीस-सत्तावीसच्या. मुलगी हुशार आणि कष्टाळू होती, पण बाहेर साठ पेशंट होते. त्यांनी मास्तरांचा कान पाहून कागदावर लिहूनही टाकलं होतं : बाहेरच्या कानाला सूज, थेंब, दुखण्याची गोळी, आठवड्याने दाखवणे. सिस्टरचं काम एवढंच, की कान साफ करायचा, थेंब घालायचे आणि पुढचा पेशंट बोलवायचा.

“किती दिवस झाले वहिनी?” सिस्टरनी मास्तरांच्या बायकोला विचारलं.

“महिना झाला की. तीन ठिकाणी दाखवलं. तीन बाटल्या थेंब झाले, पण ढिम्म फरक नाही.”

“साखर आहे का यांना?”

“आहे थोडी.”

“थोडी म्हणजे?”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. “गोळ्या आहेत. कधी आठवणीने घेतात, कधी शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की राहतात. आणि आठवडा झाला, हे आडवेच होत नाहीत. पाठ टेकली की कानात ठणका. बसून असतात नुसते, भुतासारखे.”

“ताप?”

“छे! कपाळ एकदम गार.”

सिस्टरचा एक नियम होता, कुठल्या पुस्तकात न वाचलेला. जेवढं दिसतंय त्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर आपण नीट पाहिलेलं नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शक ओढून घेतला आणि बारीक नळीने कानातला पू हलक्या हाताने शोषून काढला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कान साफ झाला तेव्हा आतल्या वाटेच्या तळाशी लालभडक मांसाचा एक कोंब दिसला. जेमतेम मसुरीच्या डाळीएवढा.

सिस्टरनी नळी बाजूला ठेवून पुन्हा एकदा पाहिलं.

असा कोंब त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी एका पोस्टमनच्या कानात पाहिला होता. त्यालाही साखर होती, आणि त्यालाही थेंब देऊन घरी पाठवलं होतं. सिस्टरना तेव्हा शंका आली होती. पण सोनारानेच कान टोचावेत, आपण नर्सने डॉक्टरला कशाला शिकवावं, म्हणून त्या गप्प बसल्या. तीन आठवड्यांनी पोस्टमन परत आला तो अर्धा चेहरा लुळा पडलेला. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. पुन्हा म्हणून असं गप्प बसायचं नाही, असा सिस्टरनी तेव्हा कानाला खडा लावला होता.

सिस्टर मॅडमच्या टेबलाशी गेल्या. “मॅडम, तो उजवा कान परत बघता का? तळाला कोंब आहे. मला हे साधं वाटत नाही.”

मॅडमनी मान वर केली नाही. “सिस्टर, मी पाहिलाय तो कान. ताप नाही, काही नाही. आणि कोंब काय, महिनाभर पू असला की येतोच. थेंब घालून पाठवा ना प्लीज. बाहेर लोक दारावर थापा मारतायत.”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या. पण परत येऊन त्यांनी थेंबांची बाटली ट्रेमधून उचलून आपल्या खिशात टाकली. एकदा थेंब पडले की तपासणीला जंतू नीट सापडत नाहीत. आता त्यांच्या खिशातून बाटली काढायची कुणाची छाती नव्हती.

वहिनींना वाटलं, झालं काम. त्या पिशवी गोळा करत हसून म्हणाल्या, “चला, म्हातारपणच आलं म्हणायचं. कान गेला, आता टाचण्यापण गळायला लागल्या.”

“कसल्या टाचण्या?”

“अहो, कापड बेतताना हे टाचण्या ओठांत धरतात ना. चाळीस वर्षांची सवय. ओठांत सात-आठ टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, पण एक पडायची नाही. चार दिवस झाले, पटापट खाली! काल एका बाईंच्या पायात गेली.”

“दात हलतायत माझे,” मास्तर चिडून म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

सिस्टर मास्तरांकडे वळल्या. “मास्तर, आत्ता आहेत टाचण्या जवळ?”

शिंपीच तो. शर्टाच्या पट्टीला आतून चार टोचलेल्या होत्याच.

सिस्टर पुन्हा टेबलाशी गेल्या. या वेळी त्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. “मॅडम, एक मिनिट द्या. नंतर मला हवं ते बोला.”

मॅडम उठल्या, तोंड आंबट करूनच. मास्तरांनी ओठांत दोन टाचण्या डावीकडे धरल्या, दोन उजवीकडे. डावीकडच्या ताठ राहिल्या. उजवीकडच्या आधी झुकल्या, मग एकामागोमाग एक फरशीवर पडल्या.

“डोळे घट्ट मिटा काका,” मॅडम म्हणाल्या. आवाज बदलला होता. डावा डोळा मिटला. उजव्याची पापणी जरा उघडीच राहिली.

मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. बाहेर दारावर थापा पडत होत्या, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. मग उठून त्यांनी कागदावरचं आपलंच लिहिलेलं खोडलं.

“काका, हा नुसता कान नाही. इन्फेक्शन कानाखालून कवटीच्या हाडात उतरलंय, म्हणून चेहऱ्याची नसही धरलीय. थेंब तिथे पोचतच नाहीत. आत्ता दाखल व्हायचं. हाडाचा स्कॅन करू, रक्त आणि साखर तपासू. आतल्या कोंबाचा तुकडा काढून जंतू कुठला ते बघू, आणि कॅन्सर नाही याचीही खात्री करून घेऊ. मग सहा आठवडे तरी शिरेतून औषध.”

“सहा आठवडे? आणि दुकान?” मास्तर म्हणाले.

“दुकान कुठे पळत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “आधी तुम्ही राहा.”

तुकडा काढून झाल्यावर हात धुताना मॅडम हळूच म्हणाल्या, “मी पाठवलं असतं हो यांना घरी.”

“पाठवलं नाहीत ना? मग झालं तर,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

रिपोर्ट आले. कॅन्सर नव्हता, पण बाकी सगळं खरं निघालं. बाराव्या दिवशी मास्तर पाठ टेकून झोपले आणि असे घोरले, की शेजारच्या खाटेवरच्याने तक्रार केली. वहिनी मात्र ते घोरणं वॉर्डभर कौतुकाने सांगत फिरल्या.

घरी जायच्या दिवशी मास्तर वहिनींना घेऊन कानाच्या खोलीत आले. हसले की तोंड अजून किंचित डावीकडे जायचं. ते बहुधा तसंच राहणार होतं. गळ्यात माप घ्यायची टेप होती.

“उभ्या राहा सिस्टर.”

“अहो, मला पेशंटकडून काही घेता येत नाही.”

“देतोय कोण? कापड तुमचं, शिलाई तुमची. पण तुमचा हा पांढरा कोट सहा आठवडे मला छळतोय. कुठल्या गाढवाने शिवलाय?” मास्तरांनी त्यांच्या पाठीवर टेप लावली, मग दोन्ही खांद्यांवर. पुन्हा एकदा लावली. “अच्छा! तरीच झोळ येतोय.”

“काय झालं?”

“डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा. वाकून वाकून झालाय. एवढी वर्षं लोकांच्या कानांत बघताय ना. कुणी पाहिलंच नाही कधी?”

कुणीच पाहिलं नव्हतं, सिस्टरनी स्वतःसुद्धा.

“आता बेततो तो त्या खांद्याला धरूनच बेततो,” मास्तर म्हणाले. “लिही गं, डावा खांदा अर्धा इंच खाली.”

वहिनी लिहू लागल्या. दारात डॉक्टर मॅडम पुढच्या पेशंटला घेऊन उभ्या होत्या. पेशंटने पुढे पाऊल टाकलं, तेव्हा मॅडमनी त्याला हाताने थांबवलं.

सिस्टर दोन्ही हात बाजूला पसरून सरळ उभ्या राहिल्या. मास्तर माप घेत राहिले.