भाजीचं पाणी

"काका, ते पाणी ओतू नका!"

बाई ओरडल्या तसा लिफ्टकाकांचा हात मोरीवर थबकला. पातेल्यात पालक आणि बटाटे उकडल्याचं हिरवट पाणी होतं.

"सगळं सत्त्व त्यातच असतं. त्यातच टोमॅटो घाला, मिठाशिवाय चव येते."

"मीठ नकोच. आमच्या हिला डॉक्टरांनी बंद केलंय."

"मग तर उत्तमच," म्हणत बाई पुढच्या शेगडीकडे धावल्या. तिथं कुणाचं तरी तेल धुरावलं होतं.

वस्तीतला शेवटचा भाजीवाला उठून चार वर्षं झाली होती. त्याच्या गाळ्यात आता वेफर्सच्या माळा लोंबत. मुलांचे दात किडलेले, मोठ्यांची अंगं सुजलेली. म्हणून दर गुरुवारी सभागृहात बाईंचा हा स्वयंपाकाचा वर्ग भरे. दोन बस बदलून बाई भाजीच्या पिशव्या स्वतः वाहून आणत. त्याआधी बावीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होत्या. तिथं प्रत्येक ताटाबरोबर चिठ्ठी येई, कुणाला काय चालतं, काय नाही. विचारायचं काम कधी पडलंच नव्हतं.

लिफ्टकाकांनी आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं होतं, चुलीपुढं मात्र कधी उभे राहिले नव्हते. पण पुढच्या गुरुवारी ते फुलून आले.

"बाई, वाटी चाटूनपुसून खाल्ली तिनं! मी रोज करतो आता. बाजार लांब आहे, पण रिटायर माणसाला बसचं काय!"

मग दोन गुरुवार ते आलेच नाहीत. त्यांच्या शेजारच्या शिवणवालीनं कांदा सोलता सोलता सांगितलं, "त्यांची बायको गेली ना! किडन्या कधीच्याच कामातून गेलेल्या. बसल्या जागी हृदय बंद पडलं. रक्तात काहीतरी वाढलं होतं म्हणे."

बाईंनी समोरची शेगडी बंद केली. किडनीच्या पेशंटची भाजी उकडून, पोटॅशियम उतरतं म्हणून, त्यांनी बावीस वर्षं तेच पाणी फेकलं होतं.

वर्गात कुणाला काही कळलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर कधी कळलंही नसतं. वर्ग संपल्यावर बाई पत्ता विचारत काकांच्या खोलीवर गेल्या. ते जमिनीवर बसून घेवड्याच्या शेंगा चिरत होते.

"काकूंना किडनीचा त्रास होता, हे तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुम्ही कुठं विचारलंत?" काकांच्या आवाजात राग नव्हता.

"नाही विचारलं. मीठ बंद म्हणालात, मला वाटलं रक्तदाब असेल." बाई दारातच उभ्या होत्या. "काका, त्या आजारात ते पाणी चालत नाही. पालक, टोमॅटो, काहीच नाही. मला हे माहीत होतं. काकू गेल्या त्याला बहुतेक मीच कारण आहे."

खाली कुणीतरी बादली आपटली.

"डॉक्टर म्हणाले, दिवस भरतच आले होते."

"तरीसुद्धा."

"दोन वर्षं ताट सरकवून द्यायची. मग एकदम मागून खायला लागली. मला वाटलं, सुधारतेय." त्यांनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे मीच भरवलं की तिला."

"मी सांगितलं म्हणून."

"हं. पण चमचा माझ्या हातात होता."

बाईंना तिथून जाता येईना. शेवटी त्या आत येऊन समोर बसल्या, मूठभर शेंगा ओढून शिरा काढू लागल्या. काकांनी सुरी उचलली. ते एकेक शेंग इतकी बारीक चिरत होते की तिचा भुगाच होत होता.

"एवढं बारीक कशाला, काका?" सवयीनं बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तिला दात नव्हते."

बोलून गेल्यावर काका हातातल्या शेंगेकडे बघत राहिले. मग मान खाली घालून त्यांनी तीही तेवढीच बारीक चिरली.