वगळलेला नंबर

बाबांच्या मोबाईलवरून सगळ्या भाऊबंदांना घाणेरडे व्हिडिओ गेले, त्या दिवसापासून त्यांनी पिंप्राळ्यातल्या घराबाहेर पाऊल टाकलं नाही. प्रेमराज गुरुजी, तीस वर्षं धरणगावात मुलींना शिकवलेला माणूस. लोक म्हणाले, म्हातारा चळला. ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नव्हते. घातक ॲपं उघडून आत काय दडलंय ते शोधणं हीच माझी नोकरी.

बाबांनी फक्त मोबाईलवर आलेली एक लग्नपत्रिका उघडली होती. आमच्यात पत्रिका न उघडणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं. ती पत्रिका म्हणजे खरं तर एक ॲप होतं; ते मी ऑफिसच्या चाचणीच्या फोनवर चालवलं, तर नुसता गणपती आणि मुहूर्त. विषारी भाग कुलूपबंद, निव्वळ अगम्य अक्षरं, आणि किल्ली ॲपमध्ये कुठेच नाही. ती फोनमध्ये साठवलेल्या नंबरांतून बनत होती. आमच्यासारख्यांच्या कोऱ्या फोनवर काही उघडूच नये, म्हणून केलेली हुशारी. तीन दिवस मी दातओठ खात बसले. मग बाबांचे सगळे नंबर त्या फोनवर चढवले आणि कुलूप उघडलं.

किल्ली होती आमच्या कुळातले वडीलधारे भटू आबा यांचा नंबर. श्रावणात कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट कधी, कुणाकडे, हे आबाच कळवतात. त्यामुळे तो नंबर आमच्या भाऊबंदांत घरोघरी असतो. म्हणजे चोर घरचाच. आत एक ओळ होती: या एका नंबरावर काही पाठवू नये. तो नंबर देवपूरच्या ताईबाई काकूंचा. त्यांचा मुलगा ललित कॉम्प्युटर शिकलेला, आणि त्याची सोयरीक बाबांनी मुलीकडच्यांना सांगितलेल्या एका खऱ्या शब्दाने मोडलेली. आईला ती घाण दिसू नये, एवढी लाज मात्र त्याला होती.

पोलिसांत कागद दिले. पण तेवढ्याने माझं समाधान होणार नव्हतं. रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, म्हणून देवपूरला काकूंच्या घरी सगळे पंगतीत होते, ललितही. बाबांना मी ओढतच नेलं. त्यांना बघून लोकांनी माना फिरवल्या. मी काकूंना विचारलं, तुम्हाला आले होते का ते व्हिडिओ?

"नही माय. बठ्ठासले उनं, माले नही उनं."

"सगळ्यांना आले आणि तुम्हालाच नाही, कारण तुमचा नंबर वगळला होता, काकू. ललितने."

मग सगळं सांगितलं, पंगतीला ऐकू जाईल असं. ललितने मान वर केली नाही. काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं, पण थांबावंसं वाटलं नाही.

काकूंनी लेकापुढचं ताट उचललं.

"ऊठ. आठे भाऊबंद बठेल शेतस." इथे भाऊबंद बसलेत, म्हणजे तू आता त्यांतला नाहीस.

ललित उठला. मी गंगाफळाची भाजी पुन्हा मागून घेतली.